अध्यक्षांसाठी लिहिलेलं शेवटचं भाषण

ती गेल्याची बातमी मला शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळली. मधली सुट्टी होती, डबा उघडलेला होता. ग्रुपवर सहा-सात जणांनी हात जोडलेली चित्रं टाकली होती. कोणासाठी ते पाहायला मी वर सरकत गेले, तेव्हा दिसलं. आपल्या भागाची शान, शंकरपटातली पहिली महिला धुरकरी, हिचं आज पहाटे दुःखद निधन. खाली तिचा फोटो होता. आधारकार्डावरचा. बारीक केलेले डोळे, घट्ट मिटलेले ओठ, मागे पांढरी भिंत.

"ही ती नाही," मी एकदम मोठ्यानं म्हणाले.

शेजारी बसलेल्या गणिताच्या मॅडमनी विचारलं, "कोण गेलं? तुमच्या नात्यातलं होतं काय?"

मी नाही म्हटलं आणि डबा बंद केला. नात्यातली ती नव्हतीच. तिला माझं नावही ठाऊक नव्हतं. मी तिच्याशी आयुष्यात एक शब्द बोलले नव्हते. ती राहायची ते गाव माझ्या घरापासून नऊ किलोमीटरवर, एसटी दारावरून जायची, आणि इतक्या वर्षांत मी एकदाही तिथे उतरले नाही. तरी त्या दिवशी पुढचे दोन तास मी वर्गात काय शिकवलं ते मला आठवत नाही.

शंकरपट म्हणजे आमच्याकडची बैलांची शर्यत. मुकुटबनच्या पलीकडे आमचं गाव. कापसाची पहिली वेचणी झाली, तूर शेंगांवर आली की नाल्यापलीकडच्या मैदानावर पट भरायचा. आदिलाबादकडून जोड्या यायच्या, पुसदकडून यायच्या. हलकी छकडी, तिला जुंपलेली बैलांची जोडी आणि छकडीवर उभा राहून जोडी हाकणारा तो धुरकरी. सगळे धुरकरी पुरुष. त्यात ही एकटी बाई. तिचा नवरा लवकर गेला होता. दोन गोऱ्हे तिनं स्वतः वाढवले, स्वतः शिकवले आणि एका वर्षी सरळ आणून पटात उभे केले. लुगड्याचा कासोटा घट्ट मारलेला, डोक्याला बांधलेला दुपट्टा. कासरा तिच्या हातात आला की पोरी-बाया मैदानाच्या दोरीपर्यंत सरकायच्या.

आम्ही मुली वर्षभर तिचाच खेळ खेळायचो. दोघी बैल, एक ती. तिची भूमिका कोणी करायची यावरून झिंज्या ओढण्यापर्यंत भांडणं व्हायची. मी उंच होते म्हणून मला नेहमी बैलच करायचे. ओढणीचा कासरा गळ्याशी काचायचा आणि मागून मैत्रीण ओरडायची, "हो, हो, हो, माह्या राजा!" ते तिचं ओरडणं होतं. ती काठी वापरायची नाही, नुसत्या आवाजावर जोडी पळवायची.

मी सहावीत होते तेव्हाची गोष्ट. शेवटची फेरी तिच्यात आणि पट भरवणाऱ्यांच्या घरच्या जोडीत होती. बक्षीस म्हणून पितळेची ढाल होती. पट भरवणारे म्हणजे गावातलं मोठं घर. वडील समितीचे प्रमुख, आणि मुलगा नुकताच यवतमाळहून कॉलेज करून आलेला. माईक त्याच्या हातात होता. मी बाबांबरोबर शेवटच्या रेषेजवळ उभी होते. दोन्ही जोड्या सुटल्या आणि अर्ध्यावर येईतो तिचे बैल पुढे निघाले. रेषा ओलांडली तेव्हा मध्ये चांगलं एका बैलाचं अंतर होतं. त्यात शंकेला जागाच नव्हती. माणसं धुळीत टोप्या उडवत होती.

मग माईक खरखरला. तो मुलगा म्हणाला, "शांत राहा, शांत राहा. बाईमाणसाची धाव हे नुसती पाह्यासाठी होती. नियमात बसत नाही. ढाल आपल्या घरच्या जोडीले."

गर्दीतून कोणीतरी "काहून?" असं ओरडलं. त्याला ते ऐकू गेलं असावं, कारण तो हसला आणि पुढे बोलला. "घरात हाकाले कोणी राह्यलं नाही, म्हून बाई बैल हाकून राह्यली. तिले ढाल कायले पाह्यजे? तिले नवरा पाह्यजे!"

पूर्ण मैदान हसलं. माझे बाबा हसले. ते वाईट माणूस नव्हते, पण हसले. आणि बाबा हसले म्हणून मी हसले. मला त्यातलं अर्धंही कळलं नव्हतं, तरी हसले. ते हसू अजून माझ्या तोंडात आहे असं मला कधीकधी वाटतं.

ती छकडीवरून उतरली. पदरानं दोन्ही बैलांच्या तोंडाचा फेस पुसला. परत छकडीवर चढली नाही. कासरा धरून पायी चालत, सगळ्या माणसांच्या मधून, मान खाली न घालता निघून गेली. माणसांनी वाट दिली, एवढंच काय ते केलं. आमच्या मैदानावर ती पुन्हा कधी आली नाही.

इतर गावांत मात्र ती पुढे कितीतरी वर्षं पळाली. पुसदकडच्या पटात तिचं नाव पुकारलं की लोक झाडांवर चढायचे. मी बी.ए.ला यवतमाळला होते तेव्हा दोन मैत्रिणींना घेऊन, दोन एसट्या बदलून तिला पाहायला गेलते. त्या दिवशी ती जिंकली आणि आम्ही घसा बसेपर्यंत ओरडलो. तिच्याजवळ जाऊन काही बोलावं असं फार वाटलं. गेले नाही. आमच्या गावाचं नाव सांगितलं तर ती काय म्हणेल, याची भीती वाटली. मग कोर्टाच्या बंदीनं पट बंद झाले, बरीच वर्षं बंदच राहिले. तिचे बैल गोठ्यातच म्हातारे होऊन गेले. पट पुन्हा सुरू झाले तेव्हा तिच्यानं उभंही राहवत नव्हतं.

आणि तो माईकवरचा मुलगा? तो आमच्या भागाचा 'भाऊ' झाला. त्यानं शाळा काढल्या, आणि त्यातल्या एका शाळेत मी मराठी शिकवायला लागले. तो संस्थेचा अध्यक्ष, मी त्याची नोकर. एकोणतीस वर्षं. माझं अक्षर चांगलं आणि भाषा बरी, म्हणून रुजू झाल्यावर दुसऱ्याच वर्षी झेंडावंदनाचं भाषण माझ्याकडे आलं. तेव्हापासून त्याची सगळी भाषणं मीच लिहीत आले. शिक्षक दिन, वृक्षारोपण, महिला दिन. विशेषतः महिला दिन. एका वर्षी महिला दिनाच्या भाषणात मी तिचं नाव लिहिलं होतं, दोनच ओळी. मग माझ्याच पेनानं त्या खोडल्या. मला कोणी सांगितलं नव्हतं. नोकरी नवी होती, मुलगी लहान होती, वगैरे. ही कारणं मी स्वतःला इतक्यांदा सांगितली आहेत की आता ती मलाच पाठ झालीत.

ती गेल्याच्या चौथ्या दिवशी संस्थेचे बाबू स्टाफरूममध्ये आले. साधा, घाईतला माणूस.

"मॅडम, भाऊनं सांगितलं, धुरकरी बाईवर भाषण पाह्यजे. रविवारी शोकसभा हाये, पटाच्या मैदानावरच. भावनिक होऊन जाऊ द्या म्हणे जरा."

"भाऊ ओळखत होते काय त्यांना?" मी विचारलं.

"आता मॅडम, त्यायनंच तं मैदान देल्लं तिले पहिल्यांदा. फ्लेक्सवर लिवलंच हाये तसं. पाह्यलं नाही तुमी?"

संध्याकाळी मी स्टँडवर जाऊन पाहिलं. मोठा फ्लेक्स होता. वर भाऊ, हात जोडलेला, पूर्ण बाहीचा पांढरा सदरा. खाली कोपऱ्यात तिचा तो आधारकार्डाचा फोटो. मागे धावणारे बैल इंटरनेटवरून घेतलेले, लांब वाकड्या शिंगांचे, आमच्या भागात कोणी कधी न पाहिलेले. आणि मधोमध अक्षरं: "ज्यांनी या रणरागिणीला पहिलं मैदान दिलं त्या भाऊंच्या मार्गदर्शनाखाली शोकसभा."

मी त्या फ्लेक्सखाली उभी होते आणि मला असं वाटलं की आत्ता एक दगड हातात असता तर मी तो मारला असता, माझ्या वयाची, पदाची, कशाची पर्वा न करता. मी दगड शोधलाही. सिमेंटच्या स्टँडवर मिळाला नाही. नेहमीची एसटी सोडून मी पुढच्या एसटीनं घरी आले आणि येतानाच ठरलं. याला मी त्याच्याच तोंडानं बोलायला लावीन.

आधी मी फोन केले. माझ्याबरोबर तो खेळ खेळलेल्या मुली आता पन्नाशीच्या पुढच्या बाया आहेत. एक पुसदला ब्युटी पार्लर चालवते. एक यवतमाळला सरकारी कचेरीत आहे. एक शेतीच करते. मी सगळ्यांना एकच विचारलं, तुला तिचं काय आठवतं? तिचा बैलांबरोबरचा एकही फोटो कुठे नाही, हे तोवर मला कळलं होतं. मला वाटलं, आमच्या आठवणी एकत्र केल्या तर निदान शब्दांत तरी ती उभी राहील.

पुसदवाली म्हणाली, तिचं लुगडं हिरवं होतं. कचेरीतली म्हणाली, निळं, मी शपथेवर सांगते. शेतीवाली म्हणाली, "रंग राहू दे वं. धाव सुटायच्या आधी ती दोन्ही बैलाच्या कपाळाचा वास घ्यायची. म्या पाह्यलं. आता म्या पण माह्या बैलाचा घेतो, कोणी नसलं की." मला तर लुगडं जांभळं आठवत होतं. आम्हा सगळ्यांचे रंग वेगळे निघाले. बैलांचेही. पण त्या दिवशी माईकवर तो काय बोलला होता, ते मात्र चौघींनी शब्दन्‌शब्द सारखं सांगितलं. अगदी "कायले पाह्यजे"नंतरच्या थांब्यासह.

कचेरीतली मैत्रीण फोन ठेवताना म्हणाली, "मी पण हसलते त्या दिवशी."

"मी पण," मी म्हटलं.

शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर मी स्टाफरूममध्ये एकटी बसून भाषण लिहिलं. अध्यक्ष मंचावर चष्मा घालत नसत, तरुण दिसायचं असतं म्हणून. त्यामुळे त्यांची भाषणं मी मोठ्या अक्षरांत, एका पानावर आठ-नऊ ओळी अशी लिहायची. आणि ते कधीही आधी वाचत नसत. कागद खिशात, खिशातून थेट मंचावर. एकोणतीस वर्षांत त्यांनी माझं एकही वाक्य तपासलं नव्हतं. बाबूला तर अक्षरांपेक्षा पानांची संख्या महत्त्वाची.

पहिलं पान नेहमीसारखं लिहिलं. मातीशी नातं, काळी माती, ढवळे बैल, डोळे पाणावतात. दुसऱ्या पानावर तिचे गोऱ्हे, तिचा आवाज, कपाळाचा वास. दुसऱ्या पानाच्या अगदी शेवटी मी वाक्य अर्धं तोडलं: "त्या दिवशी ती सगळ्यांच्या पुढे होती, आणि माझ्या हातात माईक होता, आणि मी". उरलेलं वाक्य तिसऱ्या पानावर. "तिची धाव नियमात बसत नाही असं सांगितलं. तो नियम मी तिथेच उभा राहून तयार केला होता, कारण हरलेली जोडी माझ्या घरची होती." त्यानंतर तो विनोद लिहिला. एक शब्द इकडेतिकडे न करता, त्याच बोलीत. चौथं पान लहान होतं. "ती ढाल माझी नाही. ती आजही माझ्या दिवाणखान्यात टांगलेली आहे." भाषणं पोचवायला जायची तेव्हा मी ती तिथे कितीदा पाहिली होती.

लिहिताना मला आनंद होत होता. असला आनंद मला मुलीच्या लग्नातही झाला नसेल, आणि हे लिहायला मला लाज वाटत नाही. निवृत्तीला चार महिने राहिले होते. ते माझं काय काय करू शकतात, याचा हिशेब करून पाहिला आणि सोडून दिला.

रविवारी सकाळी मैदानावर मंडप होता. हजारभर माणसं असतील, बाया जास्त. पहिल्या रांगेत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर तिची पुतणी बसली होती. शेवटची सहा वर्षं धुरकरीणबाईचं सगळं तिनं केलं होतं, अंघोळीपासून औषधापर्यंत. तिला मंचावर कोणी बोलावलं नव्हतं. मी मागे, मंडपाच्या बांबूला टेकून उभी राहिले.

अध्यक्षांनी कागद उघडले. पहिलं पान छान गेलं. दुसऱ्यावर कपाळाचा वास आला तेव्हा बायांनी डोळ्यांना पदर लावला. ते हळू वाचत, शब्द शब्द लावत. "आणि माझ्या हातात माईक होता, आणि मी" असं म्हणून त्यांनी पान उलटलं. "तिची धाव... नियमात बसत नाही... असं सांगितलं. तो नियम मी तिथेच..."

इथे ते थांबले. कागद जवळ घेतला. दूर धरला. मान वर केली आणि बाबूला शोधलं. बाबू मंचाच्या मागे चहा सांगत होता. मी तो चेहरा नीट पाहिला. त्यासाठीच आले होते. गालाचं मांस हलत होतं, ओठ कोरडे पडले होते. तेवढ्यात बायांमधून एक म्हातारी ओरडली, "बोला भाऊ! बोला, थांबू नका!"

अध्यक्षांना वाटलं असेल की लोकांना पुढचं ठाऊकच आहे. ठाऊक होतंच. थांबले असते तर थांबणं हीच कबुली झाली असती. त्यांनी वाचलं. विनोद वाचला. तोच विनोद, त्याच तोंडानं, त्याच मैदानावर, आणि या वेळी एकही माणूस हसला नाही. "ती ढाल माझी नाही" म्हणताना त्यांचा आवाज फाटला आणि डोळ्यांतून पाणी आलं. ते रागाचं होतं, हे फक्त मला कळलं.

आणि मग टाळ्या सुरू झाल्या.

मला आधी कळेचना काय होतंय. लोक उभे राहिले. "वा भाऊ!" "याले म्हणतात काळीज!" शेजारचा माणूस मला म्हणाला, "मॅडम, एवढा मोठा माणूस, चारचौघात चूक कबूल करणं सोपं हाये काय?" बाया रडत होत्या. मंचावर दोघांनी त्यांना मिठी मारली. अध्यक्षांना पहिल्यांदा कळलं नाही, मग कळलं. मी पाहत होते. त्यांनी डोळे पुसले, हात जोडले आणि तीन दिशांना नमस्कार केला. दुसऱ्या दिवशी इथल्या पेपरात मोठा फोटो आला, वर मथळा, 'दिलदार भाऊ'.

मी रविवारी रात्री जेवले नाही. मी त्याला फासावर चढवायला गेले होते आणि माझ्याच हातानं त्याला हार घालून आले होते. एवढ्या वर्षांत लिहिलेल्या सगळ्या भाषणांत हेच त्याला सगळ्यात जास्त कामाला आलं. मला स्वतःच्या अक्षराचा तिटकारा आला.

पण मी पुतणीला धरलं नव्हतं मोजणीत.

सोमवारी सकाळी ती गावातल्या वीस-बावीस बाया घेऊन अध्यक्षांच्या घरी गेली. मी तिथे नव्हते. मला व्हिडिओ आला, आणि मग तोच आणखी पाच जणांकडून आला. अध्यक्ष हसत बाहेर येतात. खुर्च्या मांडा, चहा ठेवा, असं सांगतात. पुतणी दारातच उभी आहे.

"भाऊ, ढाल न्याले आलो."

"अवं, बस तं खरं. देऊ ना. कार्यक्रम घेऊ आपण, मंचावर देऊ."

"काल मंचावरच सांगितलं ना तुमी, माही नाही म्हून. मंग आता तुमच्या घरात कायले?"

समोर सगळे मोबाइल धरून उभे आहेत. नाही म्हणायची सोय उरलेली नाही. आतून एक माणूस ढाल काढून आणतो. पितळेची, घासून चकचकीत ठेवलेली. पुतणी ती दोन्ही हातांनी छातीशी धरते. अध्यक्ष तोवर कुठून तरी शाल आणि नारळ मागवतात, कॅमेऱ्याकडे वळतात आणि शाल उघडून तिच्यापुढे धरतात.

"घे. तुह्या काकूच्या वतीनं सत्कार."

"हात रिकामे नाहीत, भाऊ."

"दे, ढाल मी धरतो जराशी."

"नाही," ती म्हणते. "आता तुमी नका धरू."

आणि वळून पायऱ्या उतरते. मागून बाया. अध्यक्ष शाल पसरून तसेच उभे. एक बाई जाता जाता वळून पाहते आणि फिसकन हसते, मग दुसरी, मग सगळ्याच हसायला लागतात. व्हिडिओ तिथे संपतो. मी तो किती वेळा पाहिला ते सांगत नाही. मुलीनं फोनवर विचारलं, "आई, तू बरी आहेस ना? सकाळपासून हसतेस." मी बरी होते. फार बरी होते.

तिनं ती ढाल घरी ठेवली नाही, असं नंतर कळलं. अंगणवाडीत लावली, पोरींना दिसेल अशी. खाली खडूनं नाव लिहिलंय, आणि ते पुसलं गेलं की कोणी ना कोणी परत लिहितं.

गुरुवारी माझ्या हातात बदलीचा आदेश पडला. संस्थेची शेवटची शाळा, पुसदच्याही पुढे, डोंगराच्या कुशीत. जायला दोन एसट्या आणि मग पायी. मी तिथे खोली घेतली आणि साडेतीन महिने काढले. माझ्या शाळेत माझा निरोप समारंभ झाला नाही. ज्या पोरींना मी पाचवीपासून शिकवलं, त्यांची दहावीची परीक्षा मला पाहता आली नाही. याचं दुःख झालं, अजून आहे. पण अध्यक्षांनी सूड घेतला म्हणून मी त्यांना नावं ठेवणार नाही. मी तरी दुसरं काय केलं होतं?

राग गेला नाही एवढंच खरं. त्या डोंगरातल्या शाळेत दुपारी एकटी बसले की मला कळायला लागलं की तो सगळा त्यांच्यावरचा नव्हता. नऊ किलोमीटर. सहा वर्षं ती खाटेवर होती आणि मी नऊ किलोमीटर गेले नाही. तिचा आवाज माझ्या कानात आहे, पण तिच्या तोंडून मी कधी पाणी घे असंही ऐकलं नाही. ज्यांना पाहत आपण वाढतो ती माणसं आपली आहेत असं आपण समजून चालतो, आणि त्यांना त्याचा पत्ताही नसतो. ती गेली तेव्हा मी रडायचं सोडून सूड घेत बसले. तिथे, त्या शाळेत, एकदा फळ्यावर लिहिता लिहिता रडू आलं आणि मुलांना वाटलं मॅडमच्या डोळ्यात खडू गेला.

निवृत्तीनंतर काही महिन्यांनी यवतमाळला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले होते. बाहेरच्या बाकावर काळा चष्मा लावून अध्यक्ष बसले होते. मोतीबिंदू काढला होता. बरोबरचा माणूस औषधं आणायला गेला असावा. ते वाळले होते. मी उठून दुसरीकडे बसणार होते, पण त्यांनी ओळखलं.

"मॅडम?"

"हो, भाऊ."

मी बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले. मग ते म्हणाले, "मुद्दाम लिवलं होतं ना ते?"

"मुद्दाम."

"मले वाटलं होतं बाबूनं पानं अदलाबदल केली. मंग अक्षर पाह्यलं." त्यांनी काळा चष्मा सारखा केला. "एक सांगू काय? मले ते आठवतच नव्हतं. ढाल जिंकली हे आठवे. तिची धाव, माईक, मी जे बोललो ते, काहीच नाही. कागदावर वाचता वाचता मले पहिल्यांदा आठवलं. मैदानावर उभ्या उभ्या."

मी त्यांच्याकडे पाहिलं. आम्ही चौघींनी तो विनोद चाळीसहून अधिक वर्षं शब्दन्‌शब्द जपला होता, आणि ज्यानं केला तो विसरून मजेत जगत होता.

"आता आठवते काय?" मी विचारलं.

"रोज," ते म्हणाले. "सकाळी उठलो का पहिले तेच. ते बाई फेस पुसून राह्यली बैलाचा, पदरानं. तुमी तं ते लिवलंही नव्हतं. माहं मलेच आठवलं."

"बरं झालं," मी म्हणाले.

त्यांना ते लागलं असेल तर मी माफी मागितली नाही. आतून माझं नाव पुकारलं, आणि मी उठून आत गेले.